लाकूड, तार आणि शेवटची रांग

गेल्या गणेशोत्सवात माझ्या नातीने माझ्या वडिलांचे मॅन्डोलिन वाजवले. आमच्या वसाहतीतला मंडप काही फार मोठा नव्हे. दीडशे खुर्च्या, मागे चहाचे टेबल, आणि कनातीपलीकडे इंदूरची संध्याकाळची रहदारी. तिने पिलू वाजवला. पहिल्या दोन रांगांतील मंडळींनी माना डोलावल्या, तिसऱ्या रांगेतल्यांनी कान पुढे केले, आणि त्यामागे बसलेल्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. माईकवाल्याने माईक वाद्याच्या आणखी जवळ सरकवला तेव्हा कर्ण्यांतून अशी काही शिट्टी उठली की मुलांनी कान झाकून घेतले. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली, माझी आत्या बसली होती. ज्याचे हे मॅन्डोलिन, त्याची ती धाकटी बहीण. कार्यक्रम संपल्यावर तिने मला विचारले, "झालं का हिचं वाजवून? कधी सुरू झालं?"

त्या प्रश्नामुळे मी एका अशा विषयात पडलो, ज्याच्याशी माझा आजवर काडीचाही संबंध नव्हता. लाकडी मॅन्डोलिनचा आवाज मोठा कसा करावा? माईकवाल्याचे उत्तर तयार होते : "काका, एक मॅग्नेटिक पिकअप बिठवा दो, टंटा ही खत्म." टंटा संपला नाही. तो तेथूनच सुरू झाला, आणि जसजसे मी समजून घेत गेलो तसतसे मला वाटू लागले की हा बाजारहाटाचा प्रश्न नाही. एखाद्या क्षीण आवाजाला दूरवर पोहोचवायचे झाले तर त्यातले काय सोबत न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असा तो प्रश्न आहे.

प्रथम ही वस्तू काय करते ते पाहू. एका स्थिर चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, आणि क्षेत्र हलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली दाखवून दिलेले हे तत्त्व आहे. धरणावरचे जनित्रही त्यावरच चालते. पुढे ती वीज अँप्लिफायरमध्ये जाते आणि तिचा पुन्हा आवाज होतो. आता यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे यंत्र ऐकत नाही. त्याला कान नाहीत, हवेची थरथर त्याला कळत नाही. त्याला कळते ती केवळ पोलादाची हालचाल. तार हलली की ती हालचाल घोडीतून तबलीत जाते, तबली हवेला ढकलते, पोटातली पोकळी घुमते, आणि आपण ज्याला मॅन्डोलिनचा आवाज म्हणतो तो त्यानंतर जन्माला येतो. पिकअप या सगळ्याच्या आधीच आपले काम उरकून मोकळा होतो. साठ-सत्तर वर्षे वाळत आलेले लाकूड, त्याचा तो किंचित घोगरा, उबदार गुण, यांतले जवळजवळ काहीच त्याच्या हिशेबात येत नाही.

दुसरे मार्ग नाहीत असे नव्हे. माईक हा सर्वांत प्रामाणिक, कारण तो हवा ऐकतो. परंतु हवेत कर्ण्याचाही आवाज असतोच. तो पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, आणि त्या फेऱ्यातून आमच्या मंडपातली ती शिट्टी जन्माला येते. अमेरिकेत बिल मन्रो आणि त्यांच्या परंपरेतील ब्लूग्रास वादकांनी यावर एक सुंदर तोड काढली होती. सर्वांनी मिळून एकच माईक वापरायचा. ज्याची पाळी त्याने पुढे यायचे, वाजवून झाले की मागे सरायचे. आवाजाचा समतोल त्यांनी पायांनी साधला. पण त्यासाठी श्रोते शांत लागतात, आणि आमच्या मंडपाबाहेर बसचा थांबा आहे. तिसरा मार्ग पिझो. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधले. असा तुकडा घोडीत किंवा तबलीवर बसवला की लाकडाची थरथर थोडीफार पकडता येते. मी तो ऐकला. त्यात लाकूड असते खरे, पण ते कोणीतरी चिमटीत धरल्यासारखे भासते; आघात कडक, टोचणारा, आणि मॅन्डोलिनमध्ये तर आघाताशिवाय दुसरे असते काय? ज्या वाद्यात स्वर लांबवायचा म्हणजे तोच स्वर झरझर पुन्हा पुन्हा छेडायचा, तेथे प्रत्येक आघाताचा काटा कानाला लागत राहतो. शिवाय तबलीची थरथर पकडणारा असल्यामुळे शिट्टीची भीती त्यालाही आहेच. म्हणजे फिरून गाडी चुंबकापाशी आली. बहिरा, पण गोंगाटात डोके शांत ठेवणारा.

माझ्या वडिलांना हे पटले नसते. ते कापडगिरणीत नोकरीला होते आणि रात्रपाळी नसेल त्या दिवशी जेवणानंतर ओसरीवर बसून वाजवीत. माळव्यात मॅन्डोलिन हा शब्द निघाला की त्यांच्या पिढीला सज्जाद हुसेन आठवत. 1917 साली सीतामऊला जन्मलेला हा माणूस मुंबईला जाऊन चित्रपटांचा संगीतकार झाला आणि मॅन्डोलिनसारख्या पडद्यांच्या, तुटक स्वरांच्या वाद्यावर त्याने हिंदुस्थानी राग उभे केले. वडील म्हणत, की आपण सज्जाद नव्हे, पण लाकूड तर खरे आहे ना! लाकडाच्या खरेपणावर त्यांची जी श्रद्धा होती तिला शास्त्राधारही देता येतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीत रत्नाकर' रचला. त्यात त्याने 'काकू' म्हणजे ध्वनीची छटा हिचे प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत वाद्याच्या जातीमुळे येणारी ती 'यंत्रकाकू', देशपरत्वे येणारी ती 'देशकाकू', असा भेद केला आहे. म्हणजे वाद्याला स्वतःचा असा एक स्वरधर्म असतो, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. मग ज्या यंत्राला हा धर्म ऐकूच येत नाही त्याच्या हाती वाद्य सोपवावे काय?

या प्रश्नाला मी आधी घाईने 'नाही' असे उत्तर दिले होते. पुढे विचार करता जाणवले की शुद्धतेचा आग्रह धरताना आपण कोठे थांबतो ते ठिकाण बऱ्याचदा सोयीचे असते. आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती 1971 पर्यंत टिकली. कारण असे की या पेटीला मींड येत नाही, तिच्या श्रुती ठोकळ, आणि ती परदेशी. ही कारणे खोटी नव्हेत. पण ज्या गायकाचा कंठ पेटीच्या संगतीपासून वाचवला जात होता, तो कंठ मायक्रोफोनमधून, प्रक्षेपकातून आणि घरोघरच्या रेडिओच्या पुठ्ठ्याच्या पडद्यातून श्रोत्यांपर्यंत जात होता. त्या प्रवासात काय गळले याची चौकशी कोणी केल्याचे दिसत नाही. ग्वाल्हेरच्या गायकीत खुल्या आवाजाचे जे महत्त्व आहे, संगीत नाटकांच्या काळात नटाला शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवण्यासाठी जी फेक कमवावी लागे, ती माईक आल्यावर आवश्यक राहिली नाही. एक गुण क्षीण झाला. पण ज्यांचा आवाज मुळात हळुवार होता त्यांना त्याच माईकने सभागृह दिले, हेही तितकेच खरे. हानी आणि लाभ एकाच वस्तूने केले, आणि दोन्ही निरनिराळ्या माणसांच्या वाट्याला आले. हिशेब मांडणे म्हणूनच कठीण जाते.

मॅन्डोलिनच्या इतिहासात या बाबतीत तीन माणसे मला विशेष बोलकी वाटतात. पहिला लॉइड लोअर. गिब्सन कंपनीत 1922 साली त्याने एफ-5 हे मॅन्डोलिन सिद्ध केले. व्हायोलिनसारखी कोरीव तबली, इंग्रजी एफच्या आकाराची छिद्रे. लाकडी मॅन्डोलिनचे शिखर म्हणून आजही त्याच्याकडे बोट दाखवतात. बिल मन्रो यांच्या हातातले वाद्यही 1923 सालचे, लोअरच्याच देखरेखीखाली झालेले. 1924 मध्ये तो गिब्सनमधून बाहेर पडला, आणि पुढे 1930 नंतरच्या दशकात त्याने व्हिवी-टोन नावाची स्वतःची कंपनी काढली ती विजेवर चालणाऱ्या वाद्यांसाठी. लाकडाची सर्वांत जास्त जाण ज्याला होती त्यालाच लाकूड अखेरचे वाटले नाही. त्याची ही वाद्ये फारशी चालली नाहीत, तो भाग निराळा.

दुसरे उदाहरण ब्राझीलचे. बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरात दोदो आणि ओस्मार या दोघा मित्रांनी 1940 नंतरच्या दशकात तंतुवाद्यांना पिकअप लावून पाहिले आणि त्यांची गाठ याच शिट्टीशी पडली. त्यांनी विचार केला, शिट्टी येते ती पोकळीमुळे. तर पोकळीच नको. भरीव लाकडाच्या दांडक्यावर तारा चढवून त्यांनी जे वाद्य केले त्याला ते 'पाउ एलेत्रिको', म्हणजे सरळच विजेचे दांडके, म्हणत. 1950 च्या कार्निव्हलमध्ये एका जुन्या फोर्ड गाडीवर चढून ते वाजवीत निघाले आणि रस्ताभर माणसे त्यांच्यामागून नाचत गेली. मॅन्डोलिनच्या घराण्यातले हे वाद्य आज 'गितारा बाइयाना' या नावाने ओळखले जाते.

तिसरे उप्पलपु श्रीनिवास. हैदराबादच्या वाचकांना त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. 1969 मध्ये आंध्रातील पालकोल्लू येथे जन्म, वडिलांचेच मॅन्डोलिन लहानपणी उचलले, आणि 2014 मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी निधन. कर्नाटक संगीतातील गमक जोडतारांच्या लाकडी मॅन्डोलिनवर उमटेना, स्वर टिकेना, तेव्हा त्यांनी जोडतारा काढून एकेरी केल्या, पाचवी तार चढवली आणि भरीव अंगाचे विजेचे वाद्य जवळ केले. त्यांच्या वादनात लाकडाचा आवाज हरवला असे म्हणणे हास्यास्पद होईल, कारण हरवायला तेथे पोकळ लाकूड नव्हतेच. त्यांनी चुंबकाला जे ऐकू येते तेवढ्यावरच आपले संगीत रचले. चुंबकाला तारेची अत्यंत सूक्ष्म ओढही ऐकू येते, आणि गमकाला तेच हवे होते.

या तिघांनीही पिकअपला आपल्या वाद्यात पाहुणा म्हणून बोलावले नाही. त्याच्यासाठी त्यांनी नवे घर बांधले. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न मात्र जुन्या घराचा होता. जुन्या घरात पाहुण्याला जागा द्यायची, आणि तीही अशी की तो गेल्यावर भिंतीला भोक राहू नये.

भोकाचा उल्लेख शब्दशः आहे. माईकवाल्याच्या ओळखीचा एक कारागीर म्हणाला की मागच्या टोकाला अर्ध्या इंचाचे छिद्र पाडून जॅक बसवावा, म्हणजे वायर लोंबणार नाही. नातीला ते पटले. ती म्हणाली, "आजोबा, वाजवणार मी आहे ना? कपाटात ठेवायचं असेल तर मग शिकवलंत कशाला?" या बोलण्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. वाद्य कोणाचे? ज्याने घेतले तो गेला. ज्याने जपले, म्हणजे मी, त्याला धड वाजवता येत नाही. जिला वाजवता येते तिचाच हक्क मोठा, हे मलाही मान्य. तरी मी छिद्र पाडू दिले नाही. एक रात्र विचार करून मी तिला म्हटले, "अगं, तुझा हक्क आहे, पण तुझ्यानंतर जो कोणी वाजवील त्याचाही आहे, आणि तो आज येऊन भांडू शकत नाही." तिने मान हलवली, ती पटल्याची होती की कंटाळल्याची, ते सांगता येत नाही. वाद्याच्या आवाजात बदल करणे आणि वाद्यात बदल करणे, या दोन कृत्यांत मला नैतिक अंतर दिसते. पहिले उद्या सकाळी मोडता येते. दुसरे केल्याने आपण, ज्यांना विचारणे शक्य नाही अशांच्या वतीने ठरवून टाकतो.

म्हणून निवड अरुंद झाली. ध्वनिछिद्राच्या कडेला चिमट्याने धरणारा पिकअप नको, कारण त्याचे वजन तबलीवर येते आणि विजेशिवाय वाजवतानाही वाद्य दबून बोलते. दांडीच्या टोकाला धरून तारांखाली अधांतरी राहणारा हवा. तेथे जागा जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे जाडजूड प्रकार बाद. एका वेटोळ्याचा पिकअप आवाजाला मोकळा, पण मंडपातल्या दिव्यांच्या वायरींचा घुमारा तो इमानाने पकडतो. दोन वेटोळी उलटसुलट जोडून हा घुमारा मारण्याची युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी दाखल केली. रोषणाईच्या माळांखाली बसून वाजवायचे असल्यामुळे आम्ही तसलाच, पण चपटा, शोधून मागवला. जॅकही व्हायोलिनच्या हनुवटीपट्टीप्रमाणे बुचाच्या गाद्यांवर आवळून बसणारा मिळाला. कोठेही ओरखडा नाही. मला वाटले, आपण जिंकलो.

तार चढवून वाजवले तेव्हा खरी गोम कळली. मॅन्डोलिनच्या चार जोड्यांपैकी वरच्या दोन साध्या पोलादाच्या; खालच्या दोन जोड्यांत पोलादी गाभ्यावर काशाच्या जातीच्या धातूची तार वेढलेली असते. ते वेष्टण चुंबकाच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्याला दिसतो तो फक्त आतला बारीक गाभा. परिणामी वरच्या तारा ओरडू लागल्या आणि खर्जाकडच्या तारा कुजबुजू लागल्या. पिकअपमधले छोटे स्क्रू वरखाली करून थोडी डागडुजी झाली, पण खरा उपाय एकच : वेष्टण निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे हवे, म्हणजे तारा बदलल्या पाहिजेत. आणि तारा बदलल्या की ओसरीवर, विजेशिवाय, रात्री वाजणारे मॅन्डोलिनही बदलणार. काशाची ती झळाळी जाणार.

येथे मी काही दिवस अडून बसलो. छिद्राचा प्रश्न सुटला होता कारण त्यात हो किंवा नाही होते. हा निराळा होता. दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून केलेली तडजोड घरात शिरत होती आणि घरातला आवाज बदलत होती. आपणा मंडळींना हा अनुभव नवा नाही. चार पिढ्या बाहेर राहिलेल्या घरांतून मराठी कशी बदलत गेली ते आठवा. बाजारात, कचेरीत समजावे म्हणून एकेक शब्द बाहेरचा घेतला, आणि एके दिवशी लक्षात आले की देवघरातही तोच शब्द आहे. इंदूरचा मराठी माणूस पुण्यात तोंड उघडताच ओळखू येतो, आणि तेथील मंडळी हसतात. मला ते हसणे कधी लागले नाही. शार्ङ्गदेवाच्या देशकाकूत आमचीही एक जागा असावी. पण काय गेले आणि कशासाठी गेले याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी होती असे मात्र वाटत राहते. ती आमच्या घरात कोणी ठेवली नाही.

आत्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपासून कानात यंत्र घालते. तेही म्हणजे एक इवलासा माईक, एक अँप्लिफायर आणि एक कर्णाच. हळू आवाज वाढवायचा, मोठा दाबायचा, आणि जे तिच्या कानाला अजून पकडता येते त्या पट्टीत सगळे बसवायचे, असे त्याचे काम. माझा आवाज तिला पूर्वी यायचा तसा येत नाही. ती म्हणते, सगळे जण पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात. तरी त्या यंत्रातून ऐकलेली नातीची हाक खोटी आहे असे कोणी म्हणेल काय? मला वाटते, विश्वासूपणाचा विचार आपण लाकडापाशी फार रेंगाळून करतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाशीही काही इमान असते. पिकअप लाकडाचा विश्वासघात करतो हे मी अजूनही म्हणतो. पण त्या मंडपात लाकडाशी पूर्ण इमान राखले तेव्हा आत्येला ते सुरू केव्हा झाले तेही कळले नव्हते.

कोजागरीला आम्ही गच्चीवर जमलो. नव्या तारा चढवल्या होत्या, जुन्या गुंडाळून, वर तारीख लिहून, पेटीतल्या कप्प्यात ठेवल्या होत्या. अँप्लिफायर छोटाच. नातीने तोच पिलू घेतला. पहिल्या स्वराला आत्येने मान वर केली. तो स्वर गोल होता, थोडा सपाट, लांब टिकणारा. वडिलांचा नव्हे. जवळ बसलेल्या मला खालून लाकडाचाही आवाज येत होता, पातळ, आणि दोन्ही एकमेकांवर नीट बसत नव्हते. आत्येला एकच येत होता. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "दादा इतकं जोरात कधी वाजवीत नसे." थोड्या वेळाने तिने नातीला जवळ बोलावून विचारले, की उतरताना तो कोमल गंधार तू मुद्दाम सोडलास का.

तो तिने सोडला होता. मला ऐकू आले नव्हते. दिवाळीत जुन्या तारा पुन्हा चढवायच्या असे आमचे ठरले आहे. आत्येच्या समोर बसून, अगदी जवळून वाजवायचे, वीज न लावता. जमले तर तिचे यंत्रही काढून ठेवायचे म्हणतो, पण त्याला ती तयार नाही.